वाङ्मयाच्या वाटेनें पाकशाळेकडे

चित्रकाराचें चित्र शतकानुशतकें भिंतीवर राहतें. शिल्पकाराची मूर्ति भंगली तरी तिचे अवशेष सांपडतात. गवयाचें गाणेंही आतां यंत्राच्या साह्यानें टिकवितां येतें. पाककलेचें मात्र तसें नाहीं. शिजविलेलें अन्न खाण्यासाठींच असतें आणि तें खाल्लें गेलें कीं त्या कलाकृतीचा शेवट होतो. दोनशें वर्षांपूर्वीं पॅरिसमधील एखाद्या मेजवानींत जो मांसरस वाढला गेला, त्याची चव आज कोणालाही पुन्हां घेतां येणार नाहीं. ज्या कलेची एकही मूळ कृति शिल्लक राहत नाहीं, तिचा इतिहास लिहावयाचा कसा, आणि तो लिहावयाचा कोणीं?

या प्रश्नाचें एक उत्तर अमेरिकेंतील एका विदुषीच्या आयुष्यक्रमांत सांपडतें. प्रिसिला पार्कहर्स्ट फर्ग्युसन यांचा जन्म १९४० चा आणि मृत्यु २०१८ चा. त्यांची विद्याव्यासंगाची सुरुवात फ्रेंच वाङ्मयापासून झाली, आणि त्यांचें नांव दूरवर गेलें तें फ्रेंच पाककलेच्या इतिहासावरील ग्रंथामुळें. वरवर पाहणारास वाटेल कीं बाईंनीं ग्रंथालय सोडलें आणि स्वयंपाकघराची वाट धरली. वस्तुस्थिति तशी नाहीं. ही वाट त्यांना ग्रंथालयांतूनच सांपडली, आणि ती कशी सांपडली हें समजून घेतलें म्हणजे अन्नाच्या इतिहासाला वाङ्मयाच्या अभ्यासकाची गरज कां पडते, तेंही कळतें.

फर्ग्युसनबाई प्रथम शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठांत फ्रेंच शिकवीत. पुढें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत त्या समाजशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेलें त्यांचें पुस्तक १७८९ ते १८४८ या काळांतील फ्रेंच कादंबरीवर आणि तिच्यांत दिसणाऱ्या मध्यमवर्गावर होतें. १९८७ मध्यें त्यांचा ‘लिटररी फ्रान्स’ हा ग्रंथ निघाला. फ्रान्समध्यें लेखकाला जो राष्ट्रपुरुषाचा मान मिळतो, तो इतर देशांत क्वचितच आढळतो. १८८५ मध्यें व्हिक्टर ह्यूगो वारला तेव्हां सरकारी इतमामानें त्याची अंत्ययात्रा निघाली आणि पाँतेओं या राष्ट्रीय स्मारकांत त्याला चिरविश्रांति मिळाली. हें कसें घडतें, वाङ्मय ही एका राष्ट्राची ओळख कशी बनते, हा त्या ग्रंथाचा विषय. १९९४ च्या ‘पॅरिस अ‍ॅज रेव्होल्यूशन’ या तिसऱ्या पुस्तकांत एकोणिसाव्या शतकांतील लेखकांनीं पॅरिस शहराला शब्दांत कसें बसविलें, याचा शोध आहे.

या तिन्ही पुस्तकांमागें प्रश्न एकच आहे. कादंबरी, लेखकाची प्रतिष्ठा, शहर या गोष्टी प्रथम थोड्यांच्या असतात. मग त्या साऱ्या राष्ट्राला आपल्याशा कशा वाटूं लागतात? हाच प्रश्न बाईंनीं पुढें जेवणाच्या ताटाला लावला. फ्रेंच स्वयंपाकाची कीर्ति जगभर आहे. पण ‘फ्रेंच स्वयंपाक’ म्हणून एक वस्तु निसर्गांत कोठें उगवत नाहीं. ब्रिटनीचा मच्छीमार आणि बर्गंडीचा द्राक्षमळेवाला यांचें रोजचें जेवण एक नव्हतें. उत्तरेकडे लोणी आणि दक्षिणेकडे ऑलिव्हचें तेल, असा भेद तर जुनाच. मग या साऱ्यांना सामावून घेणारा फ्रेंच स्वयंपाक आला कोठून? फर्ग्युसनबाईंचें उत्तर असें, कीं तो चुलीवर शिजला खरा, परंतु राष्ट्राचा झाला तो कागदावर. अन्न पोटांत जाऊन नाहींसें होतें. तें लिहिलें गेलें, वाचलें गेलें, त्याच्यावर वाद झाले, म्हणजे मग जे त्या मेजावर कधींच बसले नाहींत त्यांच्याही मनांत तें जाऊन बसतें.

१९९८ मध्यें अमेरिकेंतील समाजशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकांत त्यांनीं हा विचार निबंधरूपानें मांडला, आणि २००४ मध्यें ‘अकाउंटिंग फॉर टेस्ट’ या ग्रंथांत त्याचा विस्तार केला. त्यासाठीं त्यांनीं पिएर बुर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाची ‘क्षेत्र’ ही कल्पना घेतली. एखादी कला स्वतंत्र क्षेत्र केव्हां होते? नुसते कलावंत असून भागत नाहीं. जाणते रसिक लागतात, रसिकांनीं जमावयाची ठिकाणें लागतात, बरेंवाईट ठरविण्याचे नियम लागतात, आणि ते नियम सांगणारे, मोडणारे, त्यांवर भांडणारे लेखक लागतात. बुर्द्यूनें ही कल्पना वाङ्मयाच्या क्षेत्राला लावली होती. वाङ्मयाच्या अभ्यासांत मुरलेल्या बाईंना ती पाकशाळेला लावणें अवघड गेलें नाहीं.

आतां ज्या काळांत हें क्षेत्र उभें राहिलें, त्या काळाकडे वळावें. सतराव्या शतकांत फ्रान्सचा उंची स्वयंपाक राजदरबारचा व सरदारांच्या वाड्यांचा होता. ला व्हारेन याचा ‘ल क्विझिनिए फ्रांस्वा’ हा ग्रंथ १६५१ मध्यें निघाला. तो लिहिणारा एका उमरावाच्या पदरचा आचारी होता. चांगलें जेवावयाचें तर कोणा धनवंताचें आमंत्रण हवें, अशी ती स्थिति. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पॅरिसमध्यें रेस्तराँ निघूं लागलीं. ‘रेस्तराँ’ या शब्दाचा मूळ अर्थ शक्ति परत आणणारा मांसरस असा आहे. अशक्त माणसांना असा रस पाजणाऱ्या जागांस पुढें तेंच नांव पडलें. १७८९ च्या राज्यक्रांतीच्या आधींच हीं उपाहारगृहें सुरू झालीं होतीं. क्रांतीनंतर तीं झपाट्यानें वाढलीं. आतां पैसे मोजील तो जेवील. परंतु या नव्या गिऱ्हाइकापुढें एक नवी अडचण उभी राहिली. सरदाराला चव वारशानें शिकायला मिळे. नव्या श्रीमंताला ती कोण शिकविणार? कोठें जावें, काय मागवावें, काय चांगलें म्हणावें, हें त्याला सांगणारा कोणी तरी हवा होता. ती उणीव लेखणीनें भरून काढली.

फर्ग्युसनबाईंनीं या संदर्भांत पांच लेखक निवडले आहेत, आणि पांचांचा वाङ्मयप्रकार निरनिराळा आहे हें लक्षांत घेण्यासारखें आहे. पहिला ग्रिमो द ला रेनिएर. हा पेशानें वकील आणि हौसेनें नाट्यसमीक्षक. १८०३ ते १८१२ या काळांत त्यानें खवय्यांच्या पंचांगाचे आठ भाग काढले. त्यांत पॅरिसच्या गल्लोगल्लीचीं दुकानें हिंडून त्यानें मिठाईवाले, खाटीक, फळवाले यांची बरीवाईट पारख छापली. त्यानें एक परीक्षकमंडळही नेमलें होतें. दुकानदार आपला माल त्या मंडळाकडे पाठवीत आणि मंडळ निकाल देई. नाटकावर अभिप्राय लिहिण्याची रीति त्यानें पक्वान्नावर चालविली, आणि आजच्या खाद्यपदार्थांवरील वृत्तपत्री लेखनाचा पाया घातला.

दुसरा कारेम. गरीब घरांतला हा मुलगा लहानपणींच आईबापांना अंतरला; पुढें तो तालेराँ या मुत्सद्द्याच्या, इंग्लंडच्या युवराजाच्या आणि रोथशिल्ड या पेढीवाल्याच्या मेजवान्यांचा कर्ता झाला. ग्रंथालयांत बसून त्यानें इमारतींचीं चित्रें उतरून काढलीं आणि साखरेचीं मंदिरें रचलीं. परंतु त्याचें टिकाऊ काम म्हणजे त्याचे ग्रंथ. फ्रेंच रश्श्यांचें त्यानें वर्गीकरण केलें. मोजकेच मूळ रस्से धरून त्यांपासून बाकीचे कसे निघतात हें दाखविलें. १८३३ पासून निघूं लागलेल्या त्याच्या अखेरच्या मोठ्या ग्रंथाचा आरंभ राजेशाही पक्वान्नानें होत नाहीं. घरोघरीं चुलीवर रटरटणाऱ्या साध्या मांसरसाच्या विवेचनानें होतो. फर्ग्युसनबाईंनीं या आरंभाला फार महत्त्व दिलें आहे. राजांच्या आचाऱ्यानें सामान्य घराच्या हंडीला आपल्या शास्त्राच्या मुळाशीं बसविलें, आणि ग्रंथाच्या नांवांत ‘फ्रेंच’ हें विशेषण घातलें. दरबारचा स्वयंपाक राष्ट्राचा होण्याची क्रिया या एका पुस्तकांत डोळ्यांपुढें घडतांना दिसते.

तिसरा ब्रिया-साव्हारँ. हा आचारी नव्हे; न्यायाधीश होता. क्रांतीच्या भयंकर दिवसांत तो अमेरिकेंत पळून गेला आणि न्यूयॉर्कमध्यें नाटकगृहाच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवून त्यानें पोट भरलें. त्याचें ‘रुचीचें शरीरशास्त्र’ हें पुस्तक १८२५ च्या अखेरीस निनांवीपणें, स्वतःच्या खर्चानें प्रसिद्ध झालें, आणि १८२६ च्या फेब्रुवारींत तो वारला. भूक, पचन, झोंप, लठ्ठपणा, मेजवानीचे शिष्टाचार या साऱ्यांवर त्यांत चिंतनें व किस्से आहेत. पाककृति त्यांत थोड्या. जेवणाऱ्या माणसाचा आणि समाजाचा विचार फार. चौथा शार्ल फूरिए हा समाजाची नवी घडी बसवूं पाहणारा तत्त्वचिंतक. त्याच्या आदर्श वसाहतींत चांगलें जेवण हा मूठभरांचा विलास राहणार नव्हता. तो सर्वांचा हक्क होणार होता. आणि पांचवा बाल्झाक, फ्रेंच कादंबरीचा महारथी.

पत्रकारिता, पाकशास्त्र, चिंतनात्मक निबंध, राजकीय तत्त्वज्ञान आणि कादंबरी असे हे पांच प्रकार. ते एकत्र वाचावयाचे तर वाचणाराला प्रत्येक प्रकाराची रीति ठाऊक हवी. पंचांगांतली थट्टा खरी मानून चालत नाहीं. आचाऱ्याच्या ग्रंथांतली आत्मप्रौढी वगळावी लागते. कादंबरींतील जेवणाला कथानकाच्या सोयीनें वळण दिलेलें असतें. हें ओळखण्याची विद्या वाङ्मयाच्या अभ्यासकाजवळ असते. फर्ग्युसनबाईंचें दुहेरी शिक्षण कामीं आलें तें नेमकें येथें.

बाल्झाकचेंच उदाहरण घ्यावें. ‘हरपलेले भ्रम’ या अर्थाच्या नांवाची त्याची कादंबरी १८३७ ते १८४३ या काळांत भागशः प्रसिद्ध झाली. तिचा नायक ल्यूसिआँ हा खेड्याकडचा होतकरू कवि पॅरिसला येतो आणि व्हेरी नांवाच्या नामांकित रेस्तराँमध्यें जेवतो. एका जेवणाला पन्नास फ्रँक पडतात. एवढ्या पैशांत त्याच्या गांवीं महिना निभावला असता. मग तो विद्यार्थ्यांच्या वस्तींतील फ्लिकोतो नांवाच्या स्वस्त खानावळींत जाऊं लागतो. तेथें अठरा सूंत म्हणजे एक फ्रँकाहूनही कमी दामांत जेवण मिळतें आणि पाव हवा तितका. या दोन्ही जागा त्या काळीं पॅरिसमध्यें खरोखरच होत्या. खानावळीचा हिशेब एखाद्या जुन्या चोपडींतही मिळेल. परंतु पन्नास फ्रँक मोजतांना नवख्याच्या पोटांत काय कालवतें, आणि फुकट पावाच्या भरंवशावर किती तरुण मोठेपणाचीं स्वप्नें पाहत बसत, हें चोपडी सांगत नाहीं. किंमत आणि तिचा मनावरचा भार या दोहोंची नोंद कादंबरीनें ठेवली आहे.

झोलाच्या ‘पॅरिसचें पोट’ या १८७३ च्या कादंबरीचें मोल आणखी निराळें आहे. पॅरिसच्या मध्यभागीं ल आल नांवाचा मोठा घाऊक बाजार होता. लोखंड आणि कांच यांच्या भव्य मंडपांखालीं भाजीपाला, मासळी, लोणी, चीज यांचे ढीग पडत. हा बाजार १९६९ मध्यें शहराबाहेर रुंजी येथें हलविण्यांत आला आणि नंतर ते मंडपही पाडले गेले. झोलानें बाजारांत हिंडून टिपणें केलीं होतीं, आणि तीं हस्तलिखितें उपलब्ध आहेत. टिपणें आणि कादंबरी शेजारीं ठेवलीं म्हणजे लेखकानें काय पाहिलें आणि काय रचलें हें वेगळें करतां येतें. बाजार गेला, त्याचा वास आणि गजबज त्या पानांत राहिली.

परंतु वाङ्मय साक्षीदार असलें तरी त्याची उलटतपासणी करावी लागते. तीन उदाहरणांवरून हें स्पष्ट होईल. पहिलें व्हातेलचें. १६७१ च्या एप्रिल महिन्यांत चौदावा लुई राजा कोंदेच्या राजपुत्राकडे शांतियी येथें पाहुणा होता. शुक्रवारच्या उपासाला लागणारी मासळी वेळेवर येत नाहीं असें पाहून मेजवानीचा व्यवस्थापक व्हातेल यानें अब्रू जाण्याच्या भीतीनें तलवारीनें प्राण दिला. आणि मग मासळीच्या गाड्या येऊन पोंचल्या. ही कथा मुख्यतः मादाम द सेव्हिन्ये हिनें आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रांमुळें घरोघर झाली. परंतु सेव्हिन्येबाई त्या वेळीं पॅरिसमध्यें होत्या. त्यांनीं लिहिलें तें ऐकून. शिवाय लोक व्हातेलला थोर आचारी समजतात; तो आचारी नव्हता, साऱ्या व्यवस्थेचा प्रमुख होता. पत्रलेखिकेची शैली इतकी सुंदर कीं वाचकाला तपशिलाचा विसर पडतो. अभ्यासकाला तसें होऊन चालत नाहीं.

दुसरें उदाहरण जगप्रसिद्ध आहे. लोकांना पाव मिळत नाहीं असें ऐकून मारी आंत्वानेत राणीनें त्यांना केक खाण्यास सांगितलें, असें अनेक जण आजही सांगतात. या गोष्टीचें मूळ रूसोच्या आत्मचरित्राच्या सहाव्या भागांत आहे. तेथें शब्द केक हा नाहीं. लोणी-अंडीं घातलेल्या ‘ब्रिओश’ नांवाच्या उंची पावाचा आहे, आणि बोलणारी राजस्त्री निनांवी आहे. रूसो जी हकीकत सांगतो ती १७४० च्या सुमाराची. मारी आंत्वानेतचा जन्म १७५५ चा. ती फ्रान्समध्यें आली १७७० मध्यें. म्हणजे जिच्या माथीं हें बोलणें मारलें गेलें ती त्या वेळीं जन्मालाही आली नव्हती. तारखा आणि ग्रंथ नीट वाचतांच एक शतकांचा आरोप गळून पडतो. आणि ज्याला पावाची किंमत ठाऊक आहे त्यालाच हा आरोप लोकांनीं कां खरा मानला हेंही कळतें. सामान्य माणसाच्या मिळकतीचा फार मोठा भाग त्या काळीं पावावरच जाई. १७७५ मध्यें धान्य महागलें तेव्हां ठिकठिकाणीं दंगे झाले, आणि १७८९ च्या ऑक्टोबरांत पॅरिसच्या बायका पावासाठीं व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या.

तिसरें उदाहरण मार्सेल प्रूस्तच्या मादलेनचें. चहांत बुडविलेल्या त्या लहानशा केकच्या चवीबरोबर निवेदकाचें सारें बालपण परत येतें. १९१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या भागामुळें मादलेन हा पदार्थ सर्व जगांत माहीत झाला. पण प्रूस्तच्या आधींच्या लेखनांत त्या ठिकाणीं मादलेन नव्हता. भाजलेला पाव होता. म्हणजे तो प्रसंग रोजनिशींतून जसाच्या तसा उचललेला नाहीं, लेखकानें पदार्थ निवडलेला आहे. तेव्हां प्रूस्तच्या घरीं काय खात, याचा पुरावा म्हणून तें पान फारसें उपयोगी नाहीं. फ्रेंच मनाला बालपण आणि जुनें गांव आठवून देण्यासाठीं कोणता पदार्थ योग्य वाटला, याचा पुरावा म्हणून तें अमोल आहे. फर्ग्युसनबाईंनीं प्रूस्तच्या कादंबरीवर सविस्तर लिहिलें तें याच दृष्टीनें.

याच कादंबरींत फ्रांस्वाज नांवाची खेड्यांतून आलेली स्वयंपाकीण आहे. तिच्या मांसाच्या एका पक्वान्नाचें वर्णन करतांना प्रूस्त तिची तुलना संगमरवर निवडणाऱ्या मायकेलअँजेलोशीं करतो. परंतु फ्रांस्वाज स्वतः कांहीं लिहीत नाहीं. तिच्यावर लिहितो तो घरचा धनी. येथें या विद्येची मर्यादा उघडी पडते. पाकशास्त्राचे मोठे ग्रंथ पुरुषांनीं लिहिले आणि रोजच्या चुली बहुतांशीं स्त्रियांनीं पेटविल्या. १७४६ मध्यें मेनों नांवाच्या ग्रंथकारानें मध्यमवर्गीय घरच्या स्वयंपाकिणीसाठीं पुस्तक लिहिलें आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. तरी त्या पुस्तकांत बोलणारा पुरुषच आहे. आणि ज्यांच्या घरीं पुस्तक विकत घेण्याची ऐपत नव्हती, ज्यांना लिहितां येत नव्हतें, त्यांच्या भाकरतुकड्याचें काय? लेखणीनें स्वयंपाक राष्ट्राचा केला हें खरें मानलें, तर ज्यांच्या हातीं लेखणी नव्हती ते त्या राष्ट्राच्या ताटांतून वगळले गेले, हेंही त्याबरोबरच मानावें लागतें. त्यांच्यापर्यंत पोंचण्यास बाजारभावाच्या नोंदी, रुग्णालयांचे हिशेब, दंग्यांनंतरच्या चौकशीचीं कागदपत्रें यांची कांस धरावी लागते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला म्हणूनच इतिहासकाराची आणि समाजशास्त्रज्ञाची सोबत सुटत नाहीं.

फर्ग्युसनबाईंच्या ग्रंथाचा शेवट एका चित्रपटानें होतो. कॅरेन ब्लिक्सेन या डॅनिश लेखिकेच्या कथेवरून १९८७ मध्यें ‘बाबेतची मेजवानी’ हा चित्रपट निघाला. १८७१ च्या पॅरिसमधील बंडाळींतून निसटलेली बाबेत डेन्मार्कच्या किनाऱ्यावरील एका कर्मठ धार्मिक वस्तींत मोलकरीण म्हणून राहते. लॉटरींत तिला दहा हजार फ्रँक लागतात आणि ती ते सारे एका मेजवानींत खर्च करते. गांवकऱ्यांनीं मात्र शपथ घेतलेली असते कीं जेवतांना अन्नाविषयीं एक शब्दही बोलावयाचा नाहीं. मेजावर एकच पाहुणा असा असतो कीं जो पूर्वीं पॅरिसला राहिलेला आहे. तो सेनापति पदार्थ ओळखतो आणि त्यांची वाखाणणी करतो. चव सर्वांच्या जिभेवर आहे, सर्वांचीं मनें हळूहळू मोकळीं होत आहेत. परंतु घडलें काय, हें नांव घेऊन सांगणारा तो एकटाच. तो नसता तर ती मेजवानी रुचकर झाली असती, पण ती कोणत्या परंपरेंतली, तिची कर्ती कोण, हें कोणालाही कळलें नसतें. बाईंच्या साऱ्या प्रतिपादनाला याहून बोलकें उदाहरण मिळालें नसतें. २०१४ मध्यें अन्नाविषयींच्या बोलण्यावरच त्यांनीं ‘वर्ड ऑफ माउथ’ हें पुस्तक लिहिलें.

या मार्गावर बाई एकट्याच होत्या असें नाहीं. रोलाँ बार्त या फ्रेंच समीक्षकानें १९६१ मध्येंच आधुनिक आहार ही एक प्रकारची भाषा आहे असा विचार मांडला होता, आणि १९७५ मध्यें ब्रिया-साव्हारँच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. जिनीव्हाचे फ्रेंच वाङ्मयाचे प्राध्यापक मिशेल जानरे यांनीं १९८७ मध्यें प्रबोधनकालीन मेजवान्या आणि मेजावरील संभाषण यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. अन्न आणि संस्कृति यांना वाहिलेलें ‘गॅस्ट्रोनॉमिका’ हें नियतकालिक २००१ मध्यें अमेरिकेंत निघालें, त्याच्या आद्य संपादिका डारा गोल्डस्टीन याही वाङ्मयाच्याच, म्हणजे रशियन वाङ्मयाच्या, प्राध्यापिका. स्वयंपाक हा विद्यापीठाच्या योग्यतेचा विषय नव्हे, तो बायकांच्या मासिकाचा किंवा खुशालचेंडूंच्या गप्पांचा विषय, ही समजूत फार काळ दृढ होती. ती हलविली ती अशा कामानें. २०१० मध्यें फ्रेंच लोकांच्या समारंभी भोजनाला युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. त्या नोंदींत कोणा एका पदार्थाचा गौरव नाहीं. एकत्र बसणें, पदार्थांचा क्रम, मेजाची मांडणी, आणि जेवतांना जेवणाविषयीं बोलणें या रीतीचा आहे.

मराठी वाचकालाही ही दृष्टि उपयोगी पडण्यासारखी आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र’ हें पाकक्रियांचें पुस्तक १९१० मध्यें प्रसिद्ध झालें. तें पदार्थ करण्यासाठीं उघडणें ही एक रीति. तें कोणत्या घरासाठीं लिहिलें आहे, कोणतीं वजनें-मापें गृहीत धरलीं आहेत, कोणते पदार्थ ‘आपले’ म्हणून आले आहेत आणि कोणाच्या चुलीवरचे मुळींच आलेले नाहींत, असे प्रश्न घेऊन तें वाचणें ही दुसरी रीति. येथें लेखणी एका स्त्रीच्या हातीं आहे, त्यामुळें फ्रेंच ग्रंथांना न विचारतां येणारे कांहीं प्रश्न या पुस्तकाला विचारतां येतील.

अशा अभ्यासासाठीं लागतें काय? भाषा अंगीं मुरलेली हवी. ‘रेस्तराँ’ हा शब्द कोणत्या सालीं रसाचें नांव होता आणि केव्हां जागेचें झाला, हें कळल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आवृत्त्या आणि तारखा ताडून पाहण्याची चिकाटी हवी. धान्याच्या भावाकडे आणि कादंबरीच्या पानाकडे सारख्याच आदरानें पाहण्याची तयारी हवी. फर्ग्युसनबाईंनीं या गोष्टी कादंबरीच्या अभ्यासांत कमावल्या आणि त्याच पाकशाळेंत वापरल्या. ज्या मेजवान्या कधींच कोणाला पुन्हां जेवतां येणार नाहींत, त्या कोणीं रांधल्या, कोणीं खाल्ल्या, आणि दाराबाहेर कोण उपाशी उभें होतें, हें त्यांच्या आणि त्यांच्यासारख्यांच्या श्रमामुळें आतां अधिक स्पष्ट सांगतां येतें.